रॅम्प अडल्यावर फोन कोणाला?

अमेरिकेत मोठ्या मोटार कंपनीच्या शोरूममध्ये जाऊन "व्हीलचेअरसकट आत जाता येईल अशी गाडी दाखवा" म्हटलं, तर तशी गाडी तिथे सहसा उभी नसते. क्रायस्लर पॅसिफिका, टोयोटा सिएना, होंडा ओडिसी या मिनीव्हॅन असतात. पण त्यांचा तळ जमिनीपासून उंच असतो, दार बुटकं असतं आणि आतली जागा ठरावीक आसनांसाठी आखलेली असते. व्हीलचेअरची गाडी घडते ती दुसऱ्याच कारखान्यात. तिथे नवी कोरी मिनीव्हॅन घेऊन तिचा मधला तळ कापून काढतात आणि साधारण फूटभर खाली नवा तळ वेल्ड करून बसवतात. इंधनाची टाकी, एक्झॉस्टचा पाइप, ब्रेकच्या नळ्या आड येत असतील तर त्यांची जागा बदलतात. सरकतं दार खालच्या बाजूने वाढवतात आणि दाराशी मोटरवर चालणारा रॅम्प बसवतात. रॅम्पचा चढ कमी व्हावा म्हणून दार उघडलं की गाडी मागच्या बाजूने थोडी खाली बसते, त्याची यंत्रणा वेगळी. या सगळ्या कामाला कन्व्हर्जन म्हणतात, आणि नुसत्या कन्व्हर्जनचा खर्च अनेकदा २० हजार डॉलरच्या वर जातो. मूळ गाडीची किंमत त्याशिवाय. मेडिकेअर हा सरकारी आरोग्य विमा यातला एक डॉलरही देत नाही.

म्हणजे घेणाऱ्याच्या अंगणात एकच गाडी येऊन उभी राहते, पण तिला घडवणारे दोन असतात. इंजिन, गिअर, एअरबॅग, काचा, मूळचं वायरिंग यांची हमी मोटार कंपनीची. तळ, रॅम्प, गाडी खाली बसवणारी यंत्रणा, वाढवलेलं दार यांची हमी कन्व्हर्जन करणाऱ्या कंपनीची. व्हीलचेअर जमिनीला जखडून ठेवणारं लॉक तिसऱ्याच कंपनीचं असू शकतं, आणि हाताने चालवायचे ब्रेक-अ‍ॅक्सिलरेटर बसवून घेतले असतील तर ते चौथीचे. प्रत्येकीची वॉरंटी वेगळी, मुदत वेगळी, अटी वेगळ्या. पुष्कळ मिनीव्हॅनना कंपनीकडून सर्वसाधारण भागांसाठी ३ वर्षं किंवा ३६ हजार मैल आणि इंजिन-गिअरसाठी ५ वर्षं किंवा ६० हजार मैल, यातलं जे आधी संपेल तितकी वॉरंटी असते. कन्व्हर्जनची वॉरंटीही बऱ्याचदा ३ वर्षं किंवा ३६ हजार मैलांची असते. आकडे सारखे दिसले तरी देणारा वेगळा आहे आणि दुरुस्तीची जागाही वेगळी आहे. ऑनलाइन गाडी बघताना नेमकी ही जागाच नजरेआड राहते.

या उद्योगाचा एक जनक स्वतः व्हीलचेअर वापरणारा होता. राल्फ ब्रॉन यांचा जन्म १९४० मध्ये इंडियाना राज्यातल्या विनामॅक या छोट्या गावचा. सहाव्या वर्षी त्यांना स्नायू झिजत जाण्याचा आजार असल्याचं निदान झालं. तरुणपणी त्यांनी स्वतःसाठी मोटरवर चालणारी तीनचाकी स्कूटर बनवली. पुढे टपालखात्याची जुनी जीप घेऊन तिला मागून उचलणारी लिफ्ट बसवली आणि ती स्वतः चालवत कामावर जाऊ लागले. त्यांच्या कंपनीला १९७२ मध्ये ब्रॉन कॉर्पोरेशन हे नाव मिळालं. १९९१ मध्ये तिने तळ खाली घेतलेली मिनीव्हॅन बाजारात आणली. आज ही कंपनी ब्रॉनअ‍ॅबिलिटी या नावाने ओळखली जाते. ब्रॉन २०१३ मध्ये वारले. गाडी बंद पडली की आपलं सगळं जगणंच थांबतं, हे माहीत असलेल्या माणसाने ही गाडी घडवायला घेतली, याचं मला फार अप्रूप वाटतं. मात्र आजच्या बाजारात गाडी घडवणारा आणि विकणारा यांच्यात बरेच हात असतात, आणि विकणारा दोन हजार मैलांवर बसलेला असू शकतो.

न्यू जर्सीतल्या एका मराठी घरातली गोष्ट सांगते. पक्षाघातानंतर काका इलेक्ट्रिक व्हीलचेअरवर आले. फिजिओथेरपी, डॉक्टर, मंडळाचा गणपती, सगळं बाहेर पडण्यावर अवलंबून. मुलाने इंटरनेटवर शोधाशोध केली. जवळच्या डीलरकडे जी व्हॅन होती तिच्यापेक्षा अ‍ॅरिझोनातली, वापरलेली व्हॅन बरीच स्वस्त मिळत होती. शिवाय कोरड्या हवेतली, म्हणजे तळाला गंज नाही. हा विचार अजिबात चुकीचा नव्हता. ईशान्येकडच्या राज्यांत हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात आणि ते खालून गाडी खातं. तळ कापून पुन्हा वेल्ड केलेल्या गाडीत तर गंज ही खरोखर भीती बाळगण्याजोगी गोष्ट आहे. फोटो उत्तम होते, कागदपत्रं नीट होती. ट्रकवर लादून गाडी दारात आली. काकूंनी ओवाळून गाडीला कुंकू लावलं.

थंडी सुरू झाल्यावर एके दिवशी डॉक्टरकडून परत येताना रिमोटचं बटण दाबलं तरी सरकतं दार अर्धं उघडून थांबलं. दार पूर्ण उघडल्याचा सिग्नल मिळाल्याशिवाय रॅम्प बाहेर येत नाही, ही सुरक्षेसाठी केलेली सोय. काका आत, खुर्ची जमिनीला जखडलेली, बाहेर हिमवर्षाव.

तळातून सरकत येणाऱ्या रॅम्पचं हे यंत्र समजून घेण्यासारखं आहे. दोन तळांच्या मध्ये एक सपाट पोकळी असते, तिच्यात रॅम्प झोपलेला असतो. मोटर आणि साखळी किंवा पट्टा त्याला बाहेर ढकलतात. दार पूर्ण उघडलं का, गाडी 'पार्क'मध्ये आहे का, रॅम्प शेवटपर्यंत गेला का, हे सांगणारे छोटे सेन्सर आणि स्विच जागोजागी बसवलेले असतात. बुटांना लागून आलेला बर्फ, वाळू, खडे, मीठ हे सगळं चाकांबरोबर आत येतं आणि त्या पोकळीत साचतं. एखादा खडा सेन्सरसमोर आला तरी यंत्र थांबतं. रॅम्प हाताने ओढून काढायची सोय बहुतेक गाड्यांत असते. एखादी खीळ सोडायची, एखादी कळ फिरवायची, मॉडेलप्रमाणे पद्धत वेगळी. पण ती सोय कुठे आहे हे कोणीतरी आधी प्रत्यक्ष दाखवलेलं असावं लागतं. गाडी हातात देताना डीलरचा माणूस अर्धा-पाऊण तास उभा राहून हेच तर शिकवतो. ट्रकवरून उतरवलेल्या गाडीबरोबर हा माणूस येत नाही. माहितीपुस्तिका ग्लोव्ह बॉक्समध्ये होती, पण बाहेर बर्फ पडत असताना ती चाळायची कोणी?

त्या दिवशी मुलाने आणि शेजाऱ्याने मिळून दार ढकललं आणि काका घरात आले. खरा त्रास पुढे सुरू झाला. मोटार कंपनीच्या डीलरकडे गाडी नेली तर तिथला सर्व्हिस मॅनेजर म्हणाला, दार वाढवलेलं आहे, वजन बदललंय, हे कन्व्हर्जनवाल्यांचं काम. कन्व्हर्जन कंपनीच्या अधिकृत डीलरकडे नेली तर तपासणी करून तो म्हणाला, दार ओढणारी मोटर मूळ कारखान्याची आहे, ती आमच्या वॉरंटीत बसत नाही. अ‍ॅरिझोनातल्या विकणाऱ्याने फोनवर गोड बोलून सांगितलं, गाडी इथे आणा, आम्ही बघतो. दोन्ही डीलरांचं म्हणणं आपापल्या जागी अर्धं खरं होतं आणि दाराचं काम लटकलं होतं. शेवटी दोन्ही ठिकाणचे लेखी अहवाल समोर ठेवून कन्व्हर्जन कंपनीच्या मुख्य कचेरीशी पत्रव्यवहार केला तेव्हा काम झालं. तोवर काकांच्या थेरपीच्या कितीतरी वेळा बुडाल्या.

अशा वेळी कोणता कायदा हाताशी आहे हे माहीत असलं तर बोलण्यात जोर येतो. १९७५ चा मॅग्नसन-मॉस वॉरंटी कायदा हा ग्राहकांसाठीच्या लेखी वॉरंटीचा केंद्रीय कायदा. त्यातली आपल्या कामाची पहिली गोष्ट अशी की गाडीत बाहेरचा भाग बसवला किंवा बाहेर काम करून घेतलं एवढ्याच कारणावरून मूळ कंपनीला आपली वॉरंटी गुंडाळता येत नाही. बिघाड त्या बदलामुळेच झाला, हे कंपनीने दाखवावं लागतं. म्हणून "कन्व्हर्जन केलंय ना, मग आमची वॉरंटी संपली" असं कोणी काउंटरवर म्हणालं तर त्याला शांतपणे एवढंच म्हणायचं, "कोणत्या बदलामुळे कोणता भाग बिघडला, ते लिहून द्या." तोंडी नकार सोपा असतो. लेखी नकार द्यायची वेळ आली की माणूस पुन्हा एकदा गाडीखाली वाकून बघतो.

दुसरी गोष्ट अशी की वॉरंटीवर 'फुल' आहे की 'लिमिटेड', हे स्पष्ट लिहिणं कायद्याने बंधनकारक आहे. गाड्यांच्या बाबतीत तुम्हाला जवळजवळ नेहमी 'लिमिटेड'च दिसेल. या मर्यादा बारीक अक्षरात असतात आणि व्हीलचेअर वापरणाऱ्याला त्या इतरांपेक्षा जास्त लागतात. गाडी दुरुस्तीत असताना दुसरी गाडी मिळेल का? साधी भाड्याची गाडी मिळून उपयोग नाही, रॅम्पवालीच हवी, आणि तिचं भाडं साध्या गाडीपेक्षा बरंच जास्त असतं. बहुतेक लिमिटेड वॉरंट्या असा 'अनुषंगिक' खर्च वगळतात. गाडी दुरुस्तीच्या जागेपर्यंत ओढून नेण्याचा खर्च कोणाचा? ठरावीक अंतराने अधिकृत ठिकाणी सर्व्हिसिंग झाल्याची नोंद दाखवावी लागते का? रॅम्पचं ग्रीसिंग, साखळीचा ताण, सेन्सरची साफसफाई हे सगळं अशा तपासणीत होतं. अधिकृत डीलर तीनशे मैलांवर असेल तर दर वेळी तिथे जाणं जमत नाही, नोंद राहत नाही आणि पुढे दावा नाकारायला आयतं कारण मिळतं. माझ्या मते दूरवरून घेतलेल्या गाडीची वॉरंटी सर्वांत जास्त इथेच निकामी होते, आणि तीही कोणी फसवलेलं नसताना.

राज्यांचे कायदे आणखी एक आधार देतात, त्याबद्दल फार कमी बोललं जातं. वस्तू ज्या सर्वसाधारण कामासाठी विकली जाते त्या कामाला ती योग्य असली पाहिजे, ही न लिहिलेली हमी व्यापाऱ्याकडून घेतलेल्या मालात गृहीत धरतात. त्याहून आपल्या उपयोगाची दुसरी न लिहिलेली हमी आहे. ग्राहकाला वस्तू कोणत्या विशिष्ट कामासाठी हवी आहे हे विकणाऱ्याला माहीत असेल आणि ग्राहक त्याच्या जाणकारीवर विसंबून खरेदी करत असेल, तर ती वस्तू त्या विशिष्ट कामाला योग्य असायला हवी. म्हणून ऑनलाइन खरेदीत फोनवर गप्पा मारून थांबू नये. ईमेलमध्ये लिहावं: वडील खुर्चीत बसल्यावर जमिनीपासून डोक्यापर्यंतची उंची इतकी, खुर्चीची रुंदी इतकी, खुर्ची आणि माणूस मिळून वजन इतकं, खुर्चीचं मॉडेल अमुक, ही गाडी त्यांना चालेल का? उत्तर लेखी आलं की ते कागदपत्रांच्या फायलीत ठेवून द्यावं. कंपनीने लेखी वॉरंटी दिली असेल तर या न लिहिलेल्या हमी तिला पूर्णपणे नाकारता येत नाहीत, असंही मॅग्नसन-मॉस कायदा सांगतो. लिमिटेड वॉरंटीत त्यांची मुदत मात्र कमी करता येते.

मापांचा हा मुद्दा वॉरंटीच्या प्रकरणात यायला कारण आहे. वॉरंटी दोष दुरुस्त करते, न बसणारी गाडी बसवून देत नाही. दाराच्या चौकटीला डोकं घासतं, खुर्ची आत वळत नाही, चढ इतका आहे की काकूंना खुर्ची ढकलताना धाप लागते, हे सगळं कंपनीच्या दृष्टीने निर्दोष गाडीतही होऊ शकतं. इलेक्ट्रिक खुर्ची रिकामीच तीनशे-चारशे पौंडांची असते, त्यात माणसाचं वजन धरायचं. रॅम्पची ठरवून दिलेली मर्यादा त्याहून वर आहे ना, हे बघावंच लागतं. कारण मर्यादेबाहेर वापरलेला रॅम्प वाकला तर तो गैरवापर ठरतो. बाजूने चढायची गाडी आणि मागून चढायची गाडी यांतला फरक तर फोटोवरून कळतच नाही. बाजूच्या रॅम्पला पार्किंगमध्ये शेजारी मोकळी पट्टी लागते, मागच्याला गाडीच्या पाठीमागे जागा लागते, आणि त्यात खुर्ची पुढच्या सीटच्या जागी सहसा नेता येत नाही. स्वतः चालवणार असाल तर अपंग चालकांचं मूल्यमापन करणाऱ्या प्रशिक्षित तज्ज्ञाकडे आधी जावं. स्टिअरिंगपाशी खुर्ची कुठे येते, हात कुठवर पोहोचतो, हे तोच ठरवू शकतो.

सामान दारावर येऊन विकणाऱ्यांच्या बाबतीत तीन दिवसांत सौदा मोडायची मुभा देणारा एक केंद्रीय नियम अमेरिकेत आहे. गाडी घेताना पुष्कळ लोक त्याच्या भरवशावर असतात. पूर्णपणे इंटरनेटवर किंवा फोनवर झालेल्या खरेदीला तो लागू होत नाही. गाडी परत घेण्याचं वचन विकणाऱ्याने स्वतः करारात लिहून दिलं असेल तरच ते आहे.

वापरलेली गाडी घेताना आणखी सांभाळावं लागतं. डीलरने खिडकीवर 'बायर्स गाइड' नावाचा फॉर्म लावायचा असतो. वॉरंटी आहे की गाडी 'आहे त्या स्थितीत' विकतोय, हे त्यावर खूण करून सांगायचं असतं. ऑनलाइन खरेदीत खिडकी दिसत नाही, म्हणून पैसे भरण्याआधी त्या फॉर्मचा फोटो मागवावा. 'आहे त्या स्थितीत' या रकान्यात खूण असेल तर दारात आल्यावर रॅम्प हलला नाही तरी तो तुमचा प्रश्न. मॅसॅच्युसेट्स, कॅन्सस यांसारख्या काही राज्यांनी अशा विक्रीवर बंदी किंवा बंधनं घातली आहेत. पण विकणारा दुसऱ्या राज्यातला असेल तर कुठल्या राज्याचा कायदा लागू होणार आणि तंटा कुठे चालणार, हे करारातलं एखादं कलम ठरवून टाकतं, तेवढं कलम वाचूनच सही करावी.

मुदतीचं घड्याळ कधी सुरू झालं, हेही विचारायचं. गाडी पहिल्यांदा ज्या दिवशी ग्राहकाच्या ताब्यात गेली किंवा वापरात आली, त्या दिवसापासून मोटार कंपनीची मुदत मोजतात. तुम्ही ती कधी घेतली याच्याशी तिचा संबंध नाही. डीलरने प्रात्यक्षिकासाठी वापरलेली 'जवळजवळ नवी' गाडी असेल तर मुदतीतले महिने आधीच खर्च झालेले असू शकतात. आणखी गुंतागुंत म्हणजे काही गाड्या साध्या म्हणून विकल्या जातात, वर्ष-दोन वर्षं चालतात आणि मग त्यांचं कन्व्हर्जन होतं. अशा गाडीत मोटार कंपनीची वॉरंटी संपत आलेली असते आणि कन्व्हर्जनची नुकती सुरू झालेली. चालकाच्या दाराच्या चौकटीवर मूळ कंपनीचं लेबल असतं. त्याच्या शेजारीच बदल करणाऱ्याचं लेबल असायला हवं, त्याच्या नावासकट. त्या दोन लेबलांचे स्पष्ट फोटो मागवा. दुसरं लेबलच नसेल, तर पुढचं बोलणं तिथेच थांबवलेलं बरं. ते कन्व्हर्जन कोणी केलं आणि त्याला जबाबदार कोण, हे सांगणारा कागदच उरत नाही.

विकणारे अनेकदा जादा पैसे घेऊन 'एक्स्टेंडेड वॉरंटी' देऊ करतात. कायद्याच्या भाषेत तो सेवा करार असतो, आणि करार देणारी कंपनी तिसरीच असते. अशा कितीतरी करारांत मुळापासून बदल केलेली वाहनं वगळलेली असतात. कन्व्हर्जनचे भाग नावानिशी लिहिलेले नसतील तर तो करार मिनीव्हॅनसाठी आहे, रॅम्पसाठी नाही, असंच समजावं.

आता मुख्य गोष्ट, किमतीच्याही आधी विचारायची. तुमच्या घरापासून तासाभराच्या अंतरावर, या कंपनीच्या या मॉडेलच्या कन्व्हर्जनला हात लावणारं वर्कशॉप कोणतं? त्याचं नाव कळलं की गाडी विकत घेण्याआधी त्या वर्कशॉपला स्वतः फोन करायचा. "दुसऱ्याकडून घेतलेल्या गाडीचं वॉरंटीतलं काम तुम्ही कराल का? तुमच्याकडून घेतलेल्या गाड्यांना आधी नंबर देता का? रात्री-अपरात्री रॅम्प अडला तर कोणी येतं का?" डीलरला वॉरंटीच्या कामाचे पैसे कन्व्हर्जन कंपनी देते, त्यामुळे तो काम नाकारेलच असं नाही. पण रांग असते, आणि रांगेत स्वतःच्या ग्राहकाला पुढे घेणं हे कोणत्याही धंद्यात चालतंच. आधी ओळख झाली असेल, तपासणीसाठी एकदा गाडी नेली असेल, तर अडचणीच्या दिवशी आवाज ओळखला जातो.

या डीलरांची एक राष्ट्रीय संघटना आहे, नॅशनल मोबिलिटी इक्विपमेंट डीलर्स असोसिएशन, १९८९ मध्ये स्थापन झालेली. तिच्या गुणवत्ता कार्यक्रमात बसणाऱ्या डीलरना कामाच्या पद्धती, कारागिरांचं प्रशिक्षण, विमा यांच्या अटी पाळाव्या लागतात, आणि चोवीस तास स्थानिक तातडीची मदत ठेवावी लागते. ही शेवटची अट मला सर्वांत मोलाची वाटते. गाडी ओढून नेणारा साधा ट्रक बिघडलेली गाडी नेतो, पण खुर्चीतल्या माणसाला आत बसवून ठेवून नेऊ शकत नाही. तो माणूस आधी बाहेर यायला हवा, आणि रॅम्प तर अडलेला. शिवाय तळ खाली घेतल्यामुळे गाडी जमिनीच्या जवळ असते. चुकीच्या जागी हूक अडकवला तर नवाच बिघाड होतो. अशा वेळी या गाड्या रोज हाताळणारा कारागीर लागतो.

हे सगळं वाचून ऑनलाइन खरेदी करूच नये, असं मी म्हणणार नाही. मॉन्टाना किंवा वायोमिंगसारख्या विरळ वस्तीच्या राज्यात राहणाऱ्याला जवळ डीलर नसतोच. त्याला दुरूनच घ्यावं लागतं. एखादं विशिष्ट मॉडेल, खाली बसणारं ड्रायव्हर सीट किंवा जास्त उंचीचं दार देशात मोजक्या ठिकाणीच मिळतं. अशा वेळी दुसरा रस्ता काढता येतो. गाडी जिथे उभी आहे त्या गावातल्या, विकणाऱ्याशी संबंध नसलेल्या कन्व्हर्जन वर्कशॉपकडून पैसे देऊन तपासणी करून घ्यावी, रॅम्प थंडीत आणि उतारावर चालवून व्हिडिओ मागवावा, आणि सौद्यातच लिहून घ्यावं की वॉरंटीचं काम तुमच्या गावच्या अमुक वर्कशॉपमध्ये होईल. विकणारा चांगला असेल तर त्याला हे मान्य करायला जड जात नाही. टाळाटाळ करू लागला तर तिथेच कळतं.

भारतात ही गाडी अजून फार थोड्या ठिकाणी दिसते. इथे बहुतेक बदल हाताने चालवायचे ब्रेक-क्लच, वळणारं सीट असे असतात, आणि ते गावातल्याच जाणत्या मेकॅनिककडून करून घेतले जातात. मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये बदल झाला, तेव्हा जुना अपमानकारक शब्द जाऊन 'अनुकूलित वाहन' ही व्याख्या आली. नोंदणी करून बदल करण्याचा मार्गही कलम ५२ मध्ये स्पष्ट झाला. एका बाबतीत मात्र भारतातला ग्राहक अमेरिकेतल्या ग्राहकापेक्षा सोयीच्या जागी उभा आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने, जो जुलै २०२० पासून लागू आहे, तक्रारदार जिथे राहतो किंवा नोकरी-धंदा करतो तिथल्या आयोगाकडे तक्रार करता येते. बंगळुरूहून मागवलेल्या सीटसाठी साताऱ्याच्या माणसाला बंगळुरू गाठावं लागत नाही. व्हीलचेअरवरच्या माणसासाठी ही सवलत केवढी आहे, हे प्रवास करून बघितलेल्यालाच कळेल. पुण्यामुंबईचे ग्राहक ऑनलाइन सुटे भाग मागवू लागले आहेत. त्यांनी बिलावर विकणाऱ्याचा पूर्ण पत्ता आणि हमीचे शब्द लिहून घ्यावेत, म्हणजे या कलमाचा उपयोग होईल.

अमेरिकेतल्या वाचकांसाठी एक काम उरलं. वॉरंटी संपली तरी रिकॉल संपत नाही. सुरक्षेशी निगडित दोष निघाला तर कंपनीला दुरुस्ती फुकट करून द्यावी लागते, आणि गाडी पहिल्यांदा विकली गेल्यापासून १५ वर्षांपर्यंत हे बंधन राहतं. पण तुमच्या गाडीला रिकॉल दोन बाजूंनी येऊ शकतो, एअरबॅगचा मोटार कंपनीकडून आणि रॅम्पचा किंवा इंधनाच्या नळीचा कन्व्हर्जन कंपनीकडून. सरकारी संकेतस्थळावर गाडीचा सतरा अक्षर-आकड्यांचा क्रमांक टाकून पहिला सहज सापडतो. दुसरा तिथे दिसेलच असं नाही. शिवाय कन्व्हर्जन कंपनीची चिठ्ठी तिच्या दप्तरातल्या मालकाला जाते, आणि दुसऱ्या-तिसऱ्या हाताने घेतलेल्या गाडीत तो मालक अजून अ‍ॅरिझोनातलाच असतो. तेव्हा गाडी दारात आली की त्याच आठवड्यात दोन्ही कंपन्यांना गाडीचा क्रमांक, कन्व्हर्जनचा अनुक्रमांक, आपलं नाव आणि पत्ता कळवावा, आणि घर बदललं की पुन्हा कळवावा.